वंशाचा हिशेब मांडणारे प्राध्यापक हॉल्डेन

'खाण तशी माती' ही म्हण आपण बायका सहज बोलून जातो. मूल हुशार निघाले तर ते बापाच्या वळणावर गेले असे म्हणतात, आणि मूल आजारी किंवा अशक्त निघाले की लगेच खाणीची, म्हणजे आईची, चौकशी सुरू होते. या खाणीचा आणि मातीचा खरा हिशेब ज्यांनी कागदावर आकडे मांडून केला, त्या प्राध्यापक जे. बी. एस. हॉल्डेन यांची ओळख मंडळाच्या भगिनींना आणि शेजारच्या वाचकांना करून द्यावी, असे या वर्षी मनात आले. जन्माने ते परके, पण शेवटी भारताचे नागरिक झाले आणि याच भूमीत त्यांनी देह ठेवला. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. मुलगी कॉलेजात शास्त्र शिकते. तिने पुस्तके वाचून समजावून दिली, मी वहीत टिपणे केली, आणि जे मला नीट उमगले तेवढेच येथे लिहिते आहे.

हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडातील ऑक्सफर्ड येथे झाला. घराणे मूळचे स्कॉटलंडचे. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वासोच्छ्वासाचे मोठे अभ्यासक होते. कोळशाच्या खाणीत वायूने मजूर का दगावतात हे शोधण्यासाठी ते स्वतः खाणीत उतरत आणि वायूची परीक्षा स्वतःच्या शरीरावर घेत. मुलालाही ते बरोबर नेत. एकदा खाणीत एका ठिकाणी छताजवळ हलका वायू साठला होता. वडिलांनी मुलाला तेथे उभे करून शेक्सपिअरच्या नाटकातील भाषण म्हणायला लावले. थोड्याच वेळात मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली पडला. जमिनीलगतची हवा शुद्ध होती, त्यामुळे पडताच त्याला शुद्धी आली. हलका वायू वर राहतो, हा धडा तो जन्मात विसरला नाही. आपल्याला अशा बापाचा राग येईल. पण दुसऱ्यावर करायची परीक्षा आधी स्वतःवर करावी, हे बाळकडू त्या मुलाला घरातच मिळाले.

१९०१ साली वडील या आठ वर्षांच्या मुलाला एका व्याख्यानाला घेऊन गेले. व्याख्यान होते मेंडेल नावाच्या धर्मोपदेशकाच्या वाटाण्यांवर. मेंडेल यांनी मठाच्या बागेत वाटाण्याच्या अनेक पिढ्या लावून प्रत्येक पिढीतील दाणे मोजले होते. पिवळ्या आणि हिरव्या दाण्यांच्या जातींचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळे दाणे पिवळे येत. हिरवा रंग गेला असे वाटे. पण त्याच दाण्यांपासून पुढची पिढी घेतली की चारांत एक या प्रमाणात हिरवा दाणा परत येई. म्हणजे गुण नाहीसा झालेला नसतो, दडून बसलेला असतो. मेंडेल यांचे हे काम १८६६ साली छापले गेले, पण १९०० सालापर्यंत कोणी त्याची दखल घेतली नाही. छोट्या हॉल्डेनच्या मनात मात्र ते रुजले. त्याची धाकटी बहीण नेओमी हिच्याकडे गिनीपिग होते. भाऊबहिणींनी मिळून घराच्या हिरवळीवर त्यांच्या पिढ्या वाढवल्या आणि कोणत्या पिलाचा रंग कसा येतो याच्या नोंदी ठेवल्या. ही नेओमी पुढे नामवंत लेखिका झाली आणि १०१ वर्षे जगली.

नवल असे की ज्यांना पुढे जगाने थोर शास्त्रज्ञ मानले, त्यांच्याजवळ शास्त्राची पदवीच नव्हती. ऑक्सफर्डला त्यांनी आधी गणित केले आणि मग ग्रीक व लॅटिन ग्रंथ शिकून १९१४ साली परीक्षा दिली. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि ते सैन्यात गेले. १९१५ साली जर्मनांनी विषारी वायू सोडला, तेव्हा वडील आणि मुलगा दोघांनी तो वायू स्वतः हुंगून मुखवट्यांची परीक्षा केली. त्याच साली उंदरांवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. उंदरांत डोळ्यांचा गुलाबीपणा आणि अंगाचा पांढरेपणा हे दोन गुण एकमेकांचा हात धरून पुढच्या पिढीत उतरतात, असे त्यात दाखवले होते. निबंधावर नेओमीचे नाव आहे, आणि स्प्रंट नावाच्या मित्राचेही आहे. हा मित्र युद्धात मारला गेला होता. हॉल्डेन स्वतः दोनदा जखमी झाले. दुसऱ्या खेपेस मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर त्यांना विश्रांतीसाठी हिंदुस्थानात पाठवले. हा देश त्यांना इतका आवडला की पुन्हा यायचेच असे त्यांनी मनाशी ठरवले.

युद्धानंतर ते केंब्रिजला आणि १९३३ पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक होते. स्वभाव तापट, बोलणे सडेतोड. घटस्फोटाच्या एका प्रकरणावरून केंब्रिजने त्यांना कामावरून काढले. त्यांनी दाद मागितली, जिंकले आणि १९२६ साली त्याच स्त्रीशी रीतसर विवाह केला. मुलांसाठी त्यांनी गोष्टींचे पुस्तक लिहिले, आणि कामगारांच्या वर्तमानपत्रात शास्त्रावर शेकडो लेख लिहिले.

आता त्यांच्या मुख्य कामाकडे वळते. हिमोफिलिया नावाचा एक रोग आहे. त्यात रक्त लवकर गोठत नाही. साधे खरचटले, दात पडला, गुडघा आपटला तरी रक्त वाहत राहते किंवा सांध्यात साचते. हा रोग बहुधा मुलांना होतो, मुलींना क्वचित. पण तो उतरतो आईकडून. असे का, ते मला माझ्या भाषेत सांगते. आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. वंशाचे संदेश त्यांवर असतात. या संदेशांना जनुक म्हणतात. यांपैकी 'एक्स' नावाचे गुणसूत्र बाईजवळ दोन आणि पुरुषाजवळ एकच असते. रक्त गोठवण्याचा संदेश या एक्सवर आहे. ज्या घरात दोन चुली आहेत तेथे एक बिघडली तरी दुसरीवर भात शिजतो, तसे बाईचे एका चांगल्या एक्सवर निभावते. पुरुषाच्या घरी चूलच एक. ती बिघडली की उपास. म्हणून बाई वरून निरोगी दिसते, पण तिच्या प्रत्येक मुलाला हा रोग होण्याचा संभव निम्मा असतो आणि प्रत्येक मुलगी आईसारखी वाहक होण्याचा संभवही निम्माच असतो.

व्हिक्टोरिया राणी अशीच वाहक होती. तिचा मुलगा लिओपोल्ड या रोगाने पिडलेला होता आणि १८८४ साली तिसाव्या वर्षी गेला. तिच्या मुलींकडून आणि नातींकडून हा रोग युरोपातील राजघराण्यांत पसरला. रशियाचा युवराज अलेक्सी हा तिचा पणतू. त्यालाही हाच रोग होता. राजवाडा असो की चाळ, रक्ताला भेद ठाऊक नाही.

हॉल्डेन यांनी येथे एक साधा प्रश्न विचारला. त्या काळी हा रोग असलेली मुले बहुधा लग्नाच्या वयापर्यंत जगत नसत. म्हणजे त्यांच्याबरोबर दर पिढीला रोगाचा काही वाटा जगातून नाहीसा होत होता. एक्स गुणसूत्रांच्या तीन वाट्यांपैकी दोन बायकांजवळ आणि एक पुरुषांजवळ असतो, म्हणून हा गळणारा वाटा सुमारे तिसरा हिस्सा धरावा लागतो. रांजणाला भोक पडले आहे आणि दर दिवसाला तिसरा हिस्सा पाणी गळते आहे, तर रांजण रिकामा व्हायला किती वेळ लागणार? पण हा रांजण रिकामा होत नव्हता. हिमोफिलियाची मुले पूर्वीइतकीच जन्मत होती. याचा अर्थ कोठून तरी नवे पाणी पडत असले पाहिजे. निरोगी घराण्यात, कोणाचाही दोष नसताना, हा संदेश एखादे वेळी नव्याने बिघडत असला पाहिजे. १९३५ साली त्यांनी आकडा काढला, की दर पिढीत सुमारे ५०,००० गुणसूत्रांमागे एकात अशी नवी चूक होते. सूक्ष्मदर्शकातून काही न पाहता, केवळ घराण्यांच्या नोंदी आणि बेरीज-वजाबाकी यांवर हे काढले.

दोन वर्षांनी, १९३७ साली, त्यांनी ज्यूलिया बेल या विदुषींबरोबर आणखी एक गोष्ट सिद्ध केली. रंगांधळेपणा आणि हिमोफिलिया यांचे संदेश एकाच एक्स गुणसूत्रावर जवळ जवळ बसलेले असतात आणि सहसा जोडीनेच उतरतात. माणसाच्या गुणसूत्रांचा नकाशा काढण्याची ही सुरुवात होती. ज्यूलियाबाईंचे नाव मी मुद्दाम लिहिते. केंब्रिजात त्यांनी गणिताचा अभ्यास पुरा केला, पण त्या काळी केंब्रिज बायकांना पदवी देत नसे. त्यांनी डब्लिनहून पदवी घेतली, पुढे वैद्यकीचेही शिक्षण घेतले, आणि आनुवंशिक रोग असलेल्या घराण्यांच्या वंशावळी गोळा करण्यात आयुष्य घालवले. त्या वयाच्या शंभराव्या वर्षी, १९७९ साली वारल्या.

१९४७ साली हॉल्डेन पुन्हा या हिशेबाकडे वळले. नवी चूक होते ती कोठे, आईच्या बीजात की बापाच्या, असा आता प्रश्न होता. आकडे मांडता उत्तर आले, की बापाच्या बीजात ती कितीतरी अधिक वेळा होते. याचे कारण आज समजले आहे. बाईची बीजे तिच्या जन्माआधीच तयार झालेली असतात. पुरुषाची बीजे जन्मभर नव्याने तयार होत राहतात, आणि एकच मजकूर पुन्हा पुन्हा उतरवून काढताना चूक होणारच. बापाचे वय वाढते तशा या चुका वाढतात. व्हिक्टोरियाच्या माहेरी पूर्वी हा रोग कोणाला नव्हता. ती जन्मली तेव्हा तिचे वडील ५१ वर्षांचे होते. चूक त्यांच्याच बीजात झाली असावी, असा हॉल्डेन यांचा तर्क होता. पणतू आजारी, बोल आईला, आणि मूळ चूक मात्र पणजीच्या बापाची!

आता दुसऱ्या रोगाविषयी. हा माझ्या जवळचा आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला थॅलेसेमिया आहे. सात-आठ महिन्यांचा असताना तो पांढराफटक पडला. दूध घेईना, अंग धरीना. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त द्यावे लागते, आणि त्या रक्तातून साठणारे लोह काढून टाकण्यासाठी रोज औषध द्यावे लागते. सासरी बहिणीला काय काय ऐकावे लागले ते लिहीत नाही. माहेरची खाणच खोटी, हा त्याचा सारांश. पुढे डॉक्टरांनी नवराबायको दोघांचे रक्त तपासले. दोन्ही चिठ्ठ्यांवर तेच लिहून आले. दोघेही वाहक. या रोगात संदेशाची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून येते. एक बिघडलेली असली तर माणूस जन्मभर धडधाकट राहतो, फार तर रक्त किंचित कमी भरते. दोन्ही बिघडलेल्या आल्या तरच मूल आजारी होते. दोघे वाहक असतील तर दर खेपेला मूल आजारी होण्याचा संभव चारांत एक. मेंडेल यांच्या हिरव्या वाटाण्याचाच हा हिशेब. बहिणीचा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे, शाळेत जातो, आणि रक्त देताना सुई कोणत्या हाताला टोचायची ते स्वतः सांगतो.

इटली आणि ग्रीस या देशांत थॅलेसेमियाचे वाहक पुष्कळ आहेत. आजारी मुले तर लहानपणीच जात असत. मग रांजण इतका भरलेला कसा? काही अमेरिकन शास्त्रज्ञांचे मत पडले, की येथेही नव्या चुका होत असतील. हॉल्डेन यांना हे पटले नाही. इतक्या चुका होणे संभवत नाही, असे त्यांनी १९४८ साली स्टॉकहोमच्या परिषदेत सांगितले, आणि दुसऱ्याच दिशेला बोट दाखवले. हे रोग जेथे दिसतात त्या प्रदेशांत हिवताप फार. हिवतापाचा सूक्ष्म जंतू डासाच्या पोटात वाढतो, हे रॉस यांनी आपल्याच देशात, सिकंदराबाद येथे, १८९७ साली शोधून काढले होते. हा जंतू माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत बिऱ्हाड करतो, तेथेच खातो आणि तेथेच वाढतो. वाहकाच्या पेशी थोड्या वेगळ्या असल्यामुळे जंतूला ते बिऱ्हाड मानवत नसावे, असा हॉल्डेन यांचा विचार होता. गावात हिवतापाची साथ आली की साधी मुले दगावत, वाहक मुले तगत. म्हणून पिढ्यान् पिढ्या वाहक टिकून राहिले.

१९५४ साली अ‍ॅलिसन नावाच्या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत मुलांचे रक्त तपासून सिकलसेल या अशाच दुसऱ्या रोगाच्या बाबतीत हे खरे असल्याचे दाखवले. आपल्या महाराष्ट्रात विदर्भात, गडचिरोली-नागपूरकडे, तसेच नंदुरबारच्या डोंगराळ भागात सिकलसेल आढळतो, आणि त्याच रानावनांत हिवतापही पिढ्यान् पिढ्या होता. ज्याला आपण घराण्याचा डाग म्हणतो, तो एके काळी घराण्याचे चिलखत होता. त्याच्याच जोरावर कितीतरी पूर्वज जगले, आणि म्हणून आपण आहोत. हे मला समजले त्या दिवशी मी बहिणीला फोन करून सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही.

हॉल्डेन यांना दोष नव्हते असे नाही. ते कट्टर साम्यवादी होते. रशियात लायसेंको याने आनुवंशशास्त्र खोटे ठरवले, वाविलोव्ह यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञ १९४३ साली तुरुंगात मेले, तरी हॉल्डेन यांनी उघडपणे विरोध करायला फार उशीर लावला. शेवटी १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले. मात्र स्वतःचा जीव धोक्यात घालायला ते कधी मागे हटले नाहीत. १९३९ साली 'थेटिस' नावाची पाणबुडी बुडून ९९ माणसे मेली. कोंडलेल्या हवेत माणसाचे काय होते हे पाहण्यासाठी हॉल्डेन स्वतः बंद लोखंडी कोठडीत जाऊन बसले.

१९५७ साली ते पत्नी हेलन स्परवे यांच्यासह कलकत्त्याला आले. हेलनबाई स्वतः जीवशास्त्रज्ञ होत्या. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या संख्याशास्त्र संस्थेत हॉल्डेन काम करू लागले. त्यांनी सदरा-पायजमा घातला, मांसाहार सोडला, आणि १९६१ साली ते भारताचे नागरिक झाले. महाग यंत्रे नाहीत म्हणून संशोधन अडते, हे त्यांना मान्य नव्हते. ते शिष्यांना फुलांच्या पाकळ्या मोजायला सांगत, नारळाच्या झावळ्या डावीकडे वळतात की उजवीकडे ते पाहायला सांगत. आंध्रात मामा-भाची आणि आते-मामे भावंडांची लग्ने होतात, त्यांची पाहणी करायलाही त्यांनीच शिष्यांना लावले. आपल्याकडेही काही समाजांत मामाची मुलगी करतात. अशा दोघांचे आजी-आजोबा एकच असल्याने त्यांच्या वारशाचा आठवा हिस्सा सारखा असतो, आणि तोच दडलेला दोष दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो.

कलकत्ता सोडून ते १९६२ साली भुवनेश्वरला गेले आणि तेथे त्यांनी प्रयोगशाळा उभारली. पुढे त्यांना कर्करोग झाला. लंडनला शस्त्रक्रिया झाली, तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी आपल्या रोगावर एक विनोदी कविता लिहिली आणि लोकांनी वेळेवर डॉक्टरांकडे जावे असे तीत सांगितले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला त्यांचा अंत झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह काकिनाडा येथील रंगराया वैद्यकीय महाविद्यालयास विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देण्यात आला. जन्मभर स्वतःच्या शरीरावर प्रयोग केले, मरणानंतरही शरीर शिकवण्याच्याच कामी लावले.

असो. चरित्र वाचून ठेवून देण्यापेक्षा त्यातून काही करावे, म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या मंडळाच्या वधू-वर नोंदवहीत शिक्षण, उंची, गोत्र, रास, नक्षत्र असे रकाने आहेत. त्यात 'रक्ततपासणी केली आहे काय' असा एक रकाना वाढवावा. थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांची तपासणी एकदाच करावी लागते आणि तिचे उत्तर जन्मभर बदलत नाही. पण दोन गोष्टी सांभाळाव्या. तपासणी मुलाची आणि मुलीची सारखीच व्हावी. एकट्या मुलीचीच केली तर जुनाच बोल नव्या कागदावर लिहिल्यासारखे होईल. आणि रकान्यात फक्त होय किंवा नाही लिहावे. काय निघाले ते दोन घरांनी आपापसांत पाहावे, वहीत नोंदू नये. वाहक मुलगी वाहक नसलेल्या मुलाला दिली तर या रोगाचे मूल होत नाही, म्हणून वाहक आहे एवढ्यावरून कोणाचे लग्न मोडण्याचे कारण नाही. दोघेही वाहक निघाले तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लग्न झालेले असेल तर गरोदरपणी सुरुवातीसच तपासणी होऊ शकते.

येत्या सभेत या सूचनेवर भगिनींनी आपली मते मोकळेपणाने मांडावीत, अशी विनंती करून लेख संपवते.